पथ्याविना सडपातळ: फ्रेंच घरातली जेवायची पद्धत, पायरी-पायरीने

फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या नोकरीचा माझा तिसरा दिवस. दुपारी साडेबाराला मी डबा उघडला, की-बोर्ड मागे सारला आणि पोळीचा पहिला तुकडा मोडला. शेजारच्या टेबलावरची सहकारी उठून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "इथे नाही, चल खाली." मला वाटलं, फोडणीचा वास आला असेल. तसं नव्हतं. फ्रान्सच्या कामगार कायद्यात तसं कलमच आहे: ज्या जागी काम चालतं, तिथे कामगारांना जेवू द्यायला मालकाला मनाई. कोविडच्या काळात, 2021 साली, सरकारने हा नियम तात्पुरता बाजूला ठेवला तेव्हा कुठे लोकांना आपल्या टेबलावर डबा उघडायची मुभा मिळाली.

खाली गेले तर निम्मं ऑफिस बसलेलं. किसलेल्या गाजराची वाटी, मग मासा आणि वाटाणे, मग चीजचा बोटभर तुकडा, सफरचंद, शेवटी कॉफी. पाऊण तास निवांत गप्पा. नंतर सगळे वर गेले आणि संध्याकाळपर्यंत कुणी काही तोंडात टाकलं नाही. मी मात्र चार वाजेपर्यंत ड्रॉवरमधली बिस्किटं दोनदा काढली.

त्या पहिल्या वर्षात माझं वजन चार किलोंनी वाढलं. रोज सकाळी क्रोसाँ (लोणी घातलेला पापुद्र्यांचा पाव), पोळीबरोबर चीज, दिवसातून पाच वेळा दूध-साखरेचा चहा. फ्रेंच माणसं हेच लोणी, हेच चीज, हाच पाव खात होती आणि त्यांचे कपडे त्यांना होत होते. ते काय खातात ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. कधी खातात, कसं खातात आणि कुठे थांबतात ते दिसायला मात्र वर्ष लागलं. पुढे जे लिहिते आहे ते त्यानंतरच्या वर्षांमध्ये ऑफिसात, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या स्वयंपाकघरात शिकलेलं आहे.

एक गैरसमज आधीच दूर करते. सगळे फ्रेंच सडपातळ नसतात. 2020 च्या देशव्यापी पाहणीत तिथले 17 टक्के प्रौढ लठ्ठ होते. जादा वजनाची माणसं धरली तर आकडा 47 टक्क्यांवर जातो. 1997 साली लठ्ठांचं प्रमाण 8.5 टक्के होतं, म्हणजे ते दुप्पट झालंय. उत्तरेकडच्या ओ-द-फ्रान्स भागात प्रश्न जास्त गंभीर आहे. तरीही अमेरिकेत हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आहे, आणि दोन्ही देश सुबत्तेचे. मला स्वतःला वाटतं की जिथे जिथे ही जुनी पद्धत सैल होत गेली, तिथे तिथे वजनाचा काटा सरकत गेला. म्हणून हा लेख फ्रेंच माणसांबद्दल कमी आणि त्या पद्धतीबद्दल जास्त आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि कधीकाळी खाण्याच्या आजारातून गेलेल्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. ही औपचारिक ओळ नाही. उपाशी पोटी साखर उतरली तर ते महागात पडतं.

पहिली पायरी: दिवसाला कुंपण घाला

फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने 2010 साली लोकांच्या दिनक्रमाची पाहणी केली, तेव्हा दिसलं की दुपारी एकच्या ठोक्याला निम्मा देश जेवत असतो. निम्मा देश! लहान गावांत आजही बारा ते दोन दुकानांना कुलूप असतं. शाळेत दुपारची सुट्टी किमान दीड तासाची हवी, असा नियम आहे. या सगळ्याचा परिणाम असा की जेवणाची वेळ ठरवावी लागत नाही. ती आसपासच्या सगळ्यांनी मिळून ठरवलेली असते. आणि जेवणाची वेळ ठरली की न जेवण्याची वेळही आपोआप ठरते.

त्या न जेवण्याच्या वेळात खाण्याला फ्रेंचमध्ये खास क्रियापद आहे: ग्रिन्योते. मूळ अर्थ उंदरासारखं कुरतडणं. आपल्याकडे आपण "चरत असते दिवसभर" म्हणतो, तोच सूर. 2007 पासून तिथे तळकट-गोड खाद्यपदार्थांच्या जाहिरातीखाली आरोग्याचा एक संदेश छापावा लागतो, आणि त्यातला एक संदेश हाच आहे: दोन जेवणांच्या मधे कुरतडू नका.

तुम्ही सुरुवात अशी करा. तीन दिवस वही जवळ ठेवा आणि तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहा. कॅलरी लिहू नका, वजनही नको. फक्त वेळ आणि वस्तू. भाजीची चव बघताना घेतलेला चमचा, मुलांच्या ताटात उरलेला पराठा, शेजारणीकडून आलेली करंजी, चहाबरोबरचा खारी-टोस्ट, सगळं. मी हे केलं तेव्हा एका साध्या मंगळवारी चौदा नोंदी झाल्या. तेवढ्यावरून माझं निदान झालं.

चौथ्या दिवशी चार वेळा ठरवा: न्याहारी, दुपारचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, रात्रीचं जेवण. घरातल्या कामाच्या, शाळेच्या, लोकलच्या वेळा बघून ठरवा, पण एकदा ठरल्या की आठवडाभर त्यांना चिकटून राहा. मधे पाणी हवं तेवढं. चहा-कॉफी चालेल, पण दूध-साखर घातलेला चहा हे खाणंच आहे, हे मनाशी पक्कं करा. तो प्यायचा असेल तर न्याहारीला आणि मधल्या वेळेला प्या आणि चवीने प्या.

पहिले चार-पाच दिवस अकरा वाजता पोट ओरडतं. माझंही ओरडायचं. ग्लासभर पाणी पिऊन हातातलं काम चालू ठेवलं की ते शांत होतं, आणि साडेबाराला ताटावर बसताना जी खरी भूक लागलेली असते ती कितीतरी महिन्यांत अनुभवलेली नसते. आजी म्हणतात, भुकेसारखी फोडणी नाही. तिथल्या घराघरात हे वाक्य आहे, शब्द थोडे वेगळे.

दुसरी पायरी: मधली वेळ सोडू नका

बहुतेक लोक इथेच चुकतात. कुंपण घालायचं म्हटल्यावर संध्याकाळचं खाणंच कापून टाकतात आणि रात्री आठला हातात येईल ते खातात. फ्रेंचांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली आहे. त्यांच्याकडे साडेचारला "गूते" असतं आणि ते आपल्या मधल्या वेळच्या खाण्याचं सख्खं भावंड आहे.

आमच्या टेकडीवर, क्रुआ-रूसला, शाळा साडेचारला सुटते. फाटकाशी उभ्या असलेल्या आया-बाबांच्या हातात कागदात गुंडाळलेला बगेटचा, म्हणजे लांब फ्रेंच पावाचा, तुकडा असतो, मधे चिरून त्यात काळ्या चॉकलेटच्या दोन-तीन वड्या खोचलेल्या. मूल बाहेर येतं, तो पाव हातात घेतं, बाकावर बसून खातं. सोबत एखादं फळ. संपलं की खेळायला पळतं. घरी जाऊन पुन्हा डबा उघडायचा नाही, कारण गूते झालं. माझी लेक चार वर्षांची असताना एकदा सहा वाजता बिस्किट मागू लागली, तर तिच्याच मैत्रिणीने तिला गंभीरपणे सांगितलं, "आता नाही, आता जेवण होणार आहे."

मोठी माणसं रोज गूते करतातच असं नाही, पण ज्यांचं रात्रीचं जेवण उशिरा असतं ते करतात. तुमचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांत सहा तासांहून जास्त अंतर असेल, तर ते कराच. एक मूठ भाजलेले दाणे आणि एक फळ, किंवा अर्धी पोळी तूप-गूळ लावून, किंवा वाटीभर पोहे. बसून, बशीत घेऊन, एकदाच. चिवड्याचा डबा मांडीवर घेतला तर ते गूते नव्हे.

तिसरी पायरी: पान मांडा

2010 च्या त्याच पाहणीत दिसलं की फ्रान्समधली माणसं दिवसाला सरासरी 2 तास 22 मिनिटं खाण्यापिण्यावर घालवतात, 1986 पेक्षा 13 मिनिटं जास्त. घाईच्या जगात त्यांनी हा वेळ वाढवलाय. 2010 सालीच युनेस्कोने फ्रेंचांच्या सण-समारंभाच्या भोजनाची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत एकत्र बसणं, मेज सजवणं, पदार्थांचा क्रम यांना पाककृतींपेक्षा जास्त महत्त्व आहे.

घरी काय करायचं ते सोपं आहे. एकटे असलात तरी ताट-वाटी-पेला मांडा. फोन दुसऱ्या खोलीत. उभं राहून, गाडीत किंवा चालता चालता खायचं नाही. आठवड्याच्या दिवशी निदान वीस मिनिटं, रविवारी हवा तेवढा वेळ. आमच्या खालच्या आजी 78 वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, आणि एका अंड्याच्या ऑम्लेटसाठीसुद्धा कापडी नॅपकिन काढतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते दिखाऊ वाटलं होतं. आता मीही काढते. जे खाणं आपण मांडून खातो ते लक्षात राहतं, आणि लक्षात राहिलेलं जेवण तीन तासांनी पुन्हा मागत नाही.

चौथी पायरी: आधी कच्ची भाजी, आणि ती चांगली करा

फ्रेंचमध्ये "आंत्रे" म्हणजे जेवणाचा प्रवेश, पहिला पदार्थ. रोजच्या घरात तो बहुधा भाजीचा असतो: किसलेलं गाजर, उकडलेलं बीट, काकडी, मुळा, टोमॅटो, उन्हाळ्यात खरबुजाची फोड, हिवाळ्यात गरम सूप. शाळेच्या खानावळीचा आठवड्याचा फलक फाटकावर लावतात. त्यावर दर दिवशी हाच क्रम दिसतो: एक कच्ची किंवा शिजवलेली भाजी, मग मुख्य पदार्थ आणि त्याबरोबर भाजी, मग चीज किंवा दही, मग फळ. 2011 पासून चार किंवा पाच पदार्थांचं जेवण देणं शाळांना बंधनकारक आहे, आणि केचप-मेयोनीज मुलांच्या हातात मोकळं ठेवता येत नाही.

भुकेल्या पोटी पहिल्यांदा जे समोर येतं ते आपण सगळ्यांत आवडीने खातो. फ्रेंचांनी त्या जागी भाजी ठेवली आहे. पण ती बेचव असेल तर दोन दिवसांत कंटाळा येईल, म्हणून व्हिनेग्रेत, म्हणजे सॅलडवर घालायचं तेल-व्हिनेगरचं मिश्रण, नीट शिकून घ्या. आजींनी मला ज्या पद्धतीने दाखवलं त्याच पद्धतीने सांगते.

मोठा खोल वाडगा घ्या, ज्यात सॅलड वाढणार तोच. तळाशी चिमूटभर मीठ आणि एक चमचा व्हिनेगर. मीठ इथेच विरघळू द्या, कारण तेल एकदा पडलं की ते विरघळत नाही, दाताखाली येत राहतं. मग अर्धा चमचा दिजों मोहरी, म्हणजे फेसलेली तिखट मोहरी. काट्याने फिरवा. आता तीन चमचे तेल, अगदी बारीक धारेने, हात न थांबवता. अर्ध्या मिनिटात मिश्रण घट्ट आणि फिकट पिवळं होतं. तेल आणि व्हिनेगर एरवी एकमेकांत मिसळत नाहीत, मोहरी त्यांना धरून ठेवते. वरून मिरपूड. त्यावर दोन मोठे लाकडी चमचे आडवे ठेवायचे आणि चमच्यांवर पालेभाजी, म्हणजे पानं खाली बुडून मऊ पडत नाहीत. सगळे बसले की चमचे काढून वर-खाली करायचं, प्रत्येक पानाला पातळसा थर लागेपर्यंत. याला तिथे "सॅलडला दमवणं" म्हणतात. आजी किमान तीस वेळा दमवतात.

तीन चमचे तेल चार माणसांत, म्हणजे माणशी चमचाभरही नाही, आणि मोठी परडीभर पानं संपतात. आपल्याकडे मोहरी फेसून काकडीची कोशिंबीर करतात, तिचीच ही बहीण. व्हिनेगरऐवजी लिंबू आणि शेंगदाण्याचं तेल घेतलं तरी छान होतं. मी गाजर, कोबी, बीट, कोवळी काकडी सगळ्याला वापरते. फरक फक्त जागेचा आहे. कोशिंबीर ताटाच्या डाव्या कोपऱ्यात चमचाभर वाढण्याऐवजी आधी वाटीभर द्या, एकटी, आणि ती संपल्यावर बाकीचं आणा.

पाचवी पायरी: एका वेळी एक, आणि लहान

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या सारख्या दर्जाच्या उपाहारगृहांत त्यांनी पदार्थ अक्षरशः वजन करून पाहिले. पॅरिसमध्ये एका वाढपाचं सरासरी वजन 277 ग्रॅम भरलं, फिलाडेल्फियात 346. दुकानातल्या दह्याचा एक कप पॅरिसमध्ये 125 ग्रॅमचा, तिकडे 227 चा. आणि माणसं मात्र पॅरिसमध्ये जास्त वेळ बसत होती: मॅकडोनल्ड्समध्येसुद्धा सरासरी 22 मिनिटं, तिकडे 14. कमी अन्न, जास्त वेळ.

1990 च्या दशकात लोणी-चीज खाऊनही फ्रेंचांना हृदयविकार कमी कसा, या कोड्याचं उत्तर म्हणून रेड वाइनचं नाव जगभर झालं. मला हे वाढपाचं वजन जास्त पटतं. आणि ते आपल्याला आजच करता येण्यासारखं आहे.

पदार्थ एकापाठोपाठ एक आले की प्रत्येकानंतर थोडा थांबा येतो. ताटं बदलली जातात, कुणीतरी उठतं, पाव पुढे सरकवला जातो. पोटाला आपलं म्हणणं मांडायला तेवढा अवधी मिळतो. आपलं भरलेलं ताट ही सुंदर गोष्ट आहे आणि सणाला मी तसंच वाढते, पण रोजच्या दिवशी मी ते तीन भागांत केलं: आधी कोशिंबीर, मग पोळी-भाजी-वरण किंवा भात-आमटी, एकदाच वाढून, मग दह्याची लहान वाटी किंवा फळ. भांडी टेबलावर आणत नाही, ओट्यावरच ठेवते. दुसऱ्यांदा हवं असेल तर उठायचं. बऱ्याचदा उठावंसं वाटत नाही.

मापं हवी असतील तर तिथल्या घरांतली ही मापं: पावाचा चतुर्थांश, म्हणजे 250 ग्रॅमच्या बगेटमधला साधारण 60 ग्रॅम, चीज 30 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमच्या कामाँबेरच्या चकतीचा आठवा हिस्सा, दही 125 ग्रॅम, बिनसाखरेचं. चीजची पाटी पाहुण्यांपुढे एकदाच फिरते आणि दुसऱ्यांदा घेणं शिष्टाचारात बसत नाही. आग्रहाचंही तसंच. यजमानीण एकदा विचारते, "आणखी घेणार?" नको म्हटलं की विषय संपतो, कुणाला वाईट वाटत नाही. माझ्या सासूबाई लियाँला आल्या तेव्हा त्यांना हे फार रुक्ष वाटलं. पंधरा दिवसांनी त्याच म्हणाल्या, "बरं असतं गं, पोटाला विचारून जेवता येतं."

पोटाला विचारणं म्हणजे काय, ते तिथल्या एका वाक्यात आहे. आपण "पोट भरलं" म्हणतो. फ्रेंच मूल ताट पुढे सरकवून म्हणतं, "जे प्लू फँ": मला आता भूक नाही. पोट भरण्याच्या कितीतरी आधी भूक गेलेली असते. अर्धं जेवण झालं की चमचा खाली ठेवा, पाणी प्या, शेजारच्याला दिवसभराचं काहीतरी विचारा. मग स्वतःला विचारा: भूक आहे का? जागा आहे का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं.

सहावी पायरी: गोड खा, पण ठरवून

गोड बंद करू नका. फ्रेंच आणि अमेरिकन लोकांना "चॉकलेट केक" हा शब्द ऐकून काय आठवतं असं संशोधकांनी विचारलं होतं. अमेरिकन लोक "अपराधी वाटणं" या उत्तराकडे झुकले, फ्रेंच "सण-समारंभ" या उत्तराकडे. मला या एका निरीक्षणात पुष्कळ काही दिसतं. ज्याला खाताना अपराधी वाटतं तो उभ्याने, घाईने, लपून खातो, आणि मग डबा संपतो.

तिथे रोजच्या जेवणाचा शेवट फळाने किंवा दह्याने होतो. क्रोसाँ बहुतेक घरांत रविवारी. सकाळी एक जण बुलांजरीतून, म्हणजे पावाच्या दुकानातून, कागदाच्या पिशवीत आणतो, घरात येईपर्यंत पिशवीला लोण्याचे डाग पडलेले असतात. रविवारी दुपारी मिठाईच्या दुकानात रांग लागते आणि माणसं मोजून घेतात: जेवायला पाच जण तर पाचच केक, लहान, देखणे, पांढऱ्या खोक्यात. उरत काही नाही, म्हणून सोमवारी फ्रिज उघडून कापायलाही काही नसतं. श्रीखंड, गुलाबजाम, काजूकतली, जे आवडतं ते आणा; माणसं मोजून आणा, उत्तम दुकानातून आणा, जेवणाला जोडून खा. किलोचा डबा स्वस्त पडतो, हे खरं. पण तो संपवावा लागतो.

सातवी पायरी: रात्र हलकी

दुपारचं जेवण मोठं, रात्रीचं लहान. फ्रेंचमध्ये रात्रीच्या जेवणाला "सुपे" हा जुना शब्द अजून गावाकडे ऐकू येतो, आणि त्यात सूप लपलेलं आहे. अर्धा किलो भाजी (तिथे लीक, आपल्याकडे दुधी किंवा लाल भोपळा), एक बटाटा, पाऊण लिटर पाणी, मीठ. वीस-पंचवीस मिनिटं शिजवून घोटायचं, वरून चमचाभर साय किंवा लोणी. त्याबरोबर पावाचा तुकडा, एखादं अंडं, दही. एवढंच. लियाँच्या कडक हिवाळ्यातही आजी यावर निभावतात आणि सकाळी मनापासून भुकेल्या असतात.

आपल्याकडे रात्री घरातली सगळी माणसं एकत्र येतात, म्हणून तेच मोठं जेवण होतं. ते मोडू नका. पदार्थ तेच ठेवून पोळी-भात यांतलं एक निवडा, आणि सूप किंवा कढण आधी द्या.

आठवी पायरी: पेल्यात काय

पाणी. फ्रान्समधल्या उपाहारगृहात जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. मागा, संकोच करू नका. शाळांमधली खाऊ-पेयांची यंत्रं 2005 साली बंद झाली, 2017 पासून उपाहारगृहांत गोड पेयं अमर्याद फुकट भरून द्यायला मनाई आहे.

वाइनबद्दल स्पष्ट लिहिते. सडपातळ होण्यासाठी किंवा हृदयासाठी म्हणून ती सुरू करू नका. फ्रेंच आरोग्य यंत्रणेचा स्वतःचाच सल्ला आठवड्याला जास्तीत जास्त दहा पेले, दिवसाला दोनांवर नाही आणि रोज तर नाहीच, असा आहे. न पिणाऱ्याचं या पद्धतीत काहीही अडत नाही. माझं अडलेलं नाही.

नववी पायरी: मेजवानीनंतरचा दिवस

रविवारचं जेवण तीन तास चालतं. लियाँमध्ये तर सॉसेज, मलईतली कोंबडी, सॅं-मार्सलँ चीज, गुलाबी प्रालीनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) टार्ट. सगळे आनंदाने जेवतात. पण संध्याकाळी त्याच घरात डोकावलं तर टेबलावर फक्त सूप किंवा सफरचंद आणि दही असतं. कुणी त्याला उपवास म्हणत नाही. "फेर आतांस्याँ" म्हणतात, लक्ष ठेवणं. दोन दिवस पावाचा तुकडा लहान, चीज नाही, जिने पायी. पँट कमरेला घट्ट वाटली की ही काळजी सुरू होते, वजनकाट्याची वाट बघत नाहीत. एक किलो उतरवणं सोपं, दहा किलो कठीण, एवढा साधा हिशेब.

यात जेवण टाळणं बसत नाही. लग्नाचं जेवण झालं म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच न खाता संध्याकाळी सहाला भेळेवर तुटून पडणं, हे मी पुष्कळ वर्षं केलं. आता दुसऱ्या दिवशीही चारही वेळा जेवते, फक्त हलकं.

बाजार आणि पाय

थोडक्यात सांगते, कारण हे प्रत्येकाच्या गावावर अवलंबून आहे. क्रुआ-रूसचा बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. खरबूज मागितलं की विक्रेता विचारतो, "आज खाणार की उद्या?" मग देठाशी अंगठा दाबून, वास घेऊन, आजचंच निवडून देतो. चीजवालाही हेच विचारतो. दोन-तीन दिवसांपुरतं आणि हंगामातलं घेतलं की घरात साठा राहत नाही आणि भाजीला चवीसाठी फार काही करावं लागत नाही. आपल्या मंडईतही हे सहज जमतं. टेकडीवरून खाली जायला लांबच लांब दगडी पायऱ्या आहेत. पिशव्या घेऊन त्या रोज चढणं हा तिथल्या माणसांचा व्यायाम, त्याला ते व्यायाम म्हणतही नाहीत.

कुठून सुरुवात करायची

सगळं एकदम करू नका. पहिला आठवडा फक्त वही आणि चार वेळा. दुसऱ्या आठवड्यात पान मांडणं आणि फोन बाहेर. तिसऱ्यात आधी भाजी. ही तीन रुळली की बाकीचं मागून येतं, आणि याच तीन गोष्टींनी माझं निम्मं काम झालं. चार किलो उतरायला दीड वर्ष लागलं. हळू वाटेल, पण त्या दीड वर्षात मी एकदाही लोणी सोडलं नाही आणि ते वजन परत आलेलं नाही.

घरातल्यांना भाषण देऊ नका. कोशिंबीर आधी आणून ठेवा, ती संपते.

एक शेवटची गोष्ट करायची राहिली, जी मी आजींकडूनच उचलली. जेवण झालं की त्या बिनदुधाची कॉफी करतात, लहानशा कपात, चार घोट. ती टेबलावर आली की जेवण संपलं. त्यानंतर पाव पुढे येत नाही, चीजवर झाकण बसतं. मी कॉफीऐवजी कधी बडीशेप ठेवते. मग उरलेलं लगेच डब्यांत, डबे फ्रिजमध्ये, ओटा ओल्या फडक्याने पुसायचा, फडकं पिळून नळावर वाळत घालायचं आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करायचा.